डावऱ्याची अट

डावऱ्याला मुलांना टेनिस शिकवायचं काम मिळालं ते एकाच अटीवर. क्लबच्या चिटणीस बाईंनी मला साक्षीला उभं केलं आणि त्याला सांगितलं, "कुणावरही, कुठल्याही कारणानं हात उचललास, तर त्याच दिवशी फाटकाबाहेर. कोण चूक, कोण बरोबर, मी विचारणारसुद्धा नाही." बाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. एकदा बोलल्या की खोडायच्या नाहीत. डावऱ्या म्हणाला, "कबूल." तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. दोन वर्षं तुरुंगात काढली होती, पुढची दहा वर्षं विटा उतरवण्यात घालवली होती, आणि चेंडू मारण्याखेरीज जगातलं कुठलंच काम त्याला आपलं वाटत नव्हतं. हेही गेलं असतं तर त्याच्याजवळ काहीच उरलं नसतं.

मी त्या क्लबातला मैदानवाला. पस्तीस वर्षं चार लाल मातीची कोर्टं सांभाळली. सकाळी पाणी, मग रूळ, मग जाळीचा जड तुकडा दोरीला बांधून गोल गोल ओढत माती सारखी करायची, शेवटी पांढऱ्या पट्ट्या झाडायच्या. लोकांना वाटतं, माती काय, पडलेली असते. पडलेली असते तुमच्या अंगणात! कोर्टाची माती रोज नव्यानं बसवावी लागते. आणि राग माझ्या नाकावर असतो, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण डावऱ्याचं आयुष्य सांगायचं तर माझा राग त्यात दोनदा मध्ये येतो.

पहिल्यांदा त्याला पाहिलं तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मार खात होता. बाप गवंडी. आमच्या सरावाच्या भिंतीला त्यानं दिवसभर खपून गिलावा केला होता आणि हा पोरगा कुठूनसा एक फाटका चेंडू आणि फळीचा तुकडा शोधून त्या ओल्या भिंतीवर चेंडू मारत बसला होता. गिलाव्यात गोल गोल खड्डे. बापानं ओळंब्याची दोरी दुहेरी केली आणि पोराच्या पोटऱ्यांवर सटासट ओढायला लागला. पोरगा रडत नव्हता, नुसता उड्या मारत होता. तेवढ्यात क्लबचे एक म्हातारे वकील काठी टेकत आले. त्यांनी पोराकडे पाहिलंच नाही, भिंतीकडे पाहिलं.

"किती खड्डे आहेत रे हे?"

"अकरा, साहेब. पुन्हा करून देतो. ह्याचे हातच मोडतो आज."

"अरे वेड्या, अकराच्या अकरा एका वितीत आहेत. कुठल्या हातानं मारलेस रे तू?"

पोरानं डावा हात वर केला. बापाची दोरी तशीच हवेत राहिली.

वकिलांनी त्याला आपली जुनी रॅकेट दिली. लोक म्हणायचे, पोराचं नशीब उघडलं. डोंबलाचं नशीब! आधी बाप चुकीला मारायचा, आता खेळाला मारू लागला. पोराच्या दोन्ही सर्व्हिस चुकल्या की बाप कुंपणापलीकडे उभा राहून डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकायचा. संध्याकाळी पंपाच्या खोलीमागे उजवा खिसा रिकामा व्हायचा. जितके खडे तितके फटके. "शहाण्याला शब्दाचा मार," बाप मला ऐकवायचा, "हा कुठला शहाणा!" मी नळ बंद करायच्या निमित्तानं तिथून जायचो, बघायचो आणि नळ बंद करून परत यायचो.

त्याची आई दवाखान्यात चादरी शिवायची. एकदा ती मुद्दाम क्लबच्या फाटकाशी आली. "भाऊ, तुमच्या इथं कुणी मारतं का हो त्याला? पाठ सगळी वळांनी भरलीय." मी म्हणालो, "खेळात लागतं, वहिनी." तिला खरं काय ते घरी माहीत असणारच. बाहेरच्या माणसाकडून ऐकायला आली होती, म्हणजे तिला बोलता आलं असतं. मी तेवढंही दिलं नाही. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पंधराव्या वर्षी डावऱ्याची सर्व्हिस बघायला लोक थांबायचे. चेंडू बाहेर वळत जायचा आणि समोरचा त्याच्यामागे कुंपणात जाऊन आपटायचा. पण मला त्याचा खेळ बघवत नसे. समोरचा जाळीजवळ आला की रिकामी जागा सोडून हा त्याच्या छातीवर मारायचा. एकाच्या बरगडीला चीर गेली, एकाचे पुढचे दात ओठात घुसले. हा माफी मागायचा, नियमात होती म्हणून. हरला की रॅकेट खांबावर आपटून तिचा पार चुरा करायचा आणि टॉवेल दातांत धरून बसायचा. एका टॉवेलला तर आरपार भोक पडलं होतं.

सतराव्या वर्षी एका संध्याकाळी बापानं खडे काढले. नऊ होते. पहिला फटका बसला आणि डावऱ्यानं दोरी हातात धरली, ओढून घेतली, आणि बापाला भिंतीशी रेटून मारायला सुरुवात केली. तोंडावर, मानेवर, बाप खाली बसला तेव्हा डोक्यावर. नवावर थांबला नाही. मी धावलो, त्याला मागून मिठी मारली, तेव्हा तो हसत होता. बाप उठला, टोपी झटकली आणि चालता झाला. त्यानंतर तो क्लबात कधी आला नाही. आम्हाला वाटलं, सुटला पोरगा. आम्ही सगळेच मूर्ख.

आता माझ्या रागाची पहिली पाळी. डावऱ्या एकोणीस वर्षांचा होता. निवड स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याच कोर्टावर, जिंकणारा मोठ्या दौऱ्यावर जाणार. समोर एका दंतवैद्याचा मुलगा, उंच, शांत, बोलायला थोडा तिखट. आमच्याकडच्या स्पर्धांना खुर्चीवर बसणारा पंच नसायचा. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्यानं त्यानं सांगायचं. समोरच्याला पटलं नाही तर मातीत उमटलेली खूण दाखवायची. माती खोटं बोलत नाही. पण एका अटीवर: प्रत्येक सेटनंतर जाळी ओढून जुन्या खुणा पुसायच्या. ते माझं काम.

त्या सकाळी तेव्हाच्या चिटणीसानं पाण्याचा पाइप उघडा राहिला म्हणून पाहुण्यांसमोर माझी बिनपाण्यानं केली होती. माझं डोकं फिरलं. दुसरा सेट संपला तेव्हा मी पंपाच्या खोलीत पाय पसरून बसलो होतो. ओढा म्हटलं तुम्हीच तुमची जाळी!

तिसऱ्या सेटच्या शेवटी डावऱ्याचा एक फटका दंतवैद्याच्या मुलाच्या मागच्या पट्टीजवळ पडला. त्यानं बोट वर केलं. बाहेर. डावऱ्या जाळीला वळसा घालून तिकडे गेला, जे करायचं नसतं. तिथे दोन खुणा होत्या, वीतभर अंतरावर. एक पट्टीला चिकटून, एक बाहेर. डावऱ्यानं पहिलीभोवती रॅकेटनं गोल काढला. दुसऱ्यानं दुसरीभोवती. स्पर्धेचा मुख्य पंच आला, खाली वाकला, चष्मा पुसला. त्याला काय कळणार! खोलीचं दार त्या कुंपणाला लागूनच, तिथून मी बघत होतो. ताज्या खुणेच्या पुढच्या कडेला माती भुसभुशीत उठलेली असते, जुनीची कड बसलेली असते. पट्टीजवळची खूण जुनी होती. दंतवैद्याचा मुलगा बरोबर होता.

"जाळी ओढली होती का?" पंचानं ओरडून विचारलं.

"ओढली होती," मी म्हणालो.

दंतवैद्याचा मुलगा डावऱ्याकडे बघून म्हणाला, "गवंड्याच्या घरात वाढून सरळ रेघ दिसत नाही होय तुला?"

डावऱ्यानं रॅकेट फिरवली. कड डोळ्यावर बसली. नारळ फुटल्यासारखा नाही, ओल्या कपड्यावर धोपाटणं पडावं तसा आवाज आला. मुलगा खाली पडला, तरी डावऱ्यानं आणखी दोनदा मारलं, हातावर आणि कानावर, मग पाचसहा जणांनी त्याला खाली दाबलं. दंतवैद्य कुंपणावरून चढून आत आला आणि मुलाचं डोकं मांडीवर घेऊन "कापूस, कापूस" म्हणत राहिला. लाल मातीवर रक्त रक्तासारखं दिसत नाही, नुसतं ओल आल्यासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी मी त्यावर नवी माती टाकली आणि रूळ फिरवला. त्या मुलाचा डोळा गेला.

डावऱ्या आत गेला, जन्मभराची खेळबंदी आली. माझं काही झालं नाही. माझा पाइप व्यवस्थित बंद होता.

बारा वर्षांनी बाईंनी त्याला घेतला, त्या अटीवर. मुलांशी बोलताना तो दोन्ही हात पाठीमागे घ्यायचा, उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरून. मुलं त्याला 'हातमागे सर' म्हणायची. हे त्यालाही माहीत होतं आणि आवडायचंही. मुलांना पहिल्याच दिवशी तो फटका शिकवायचा नाही, खूण वाचायला शिकवायचा. गुडघ्यावर बसून, नाक मातीला लावून. "शंका आली तर चेंडू आत," तो म्हणायचा. "शंकेचा गुण समोरच्याचा. हे ज्याला जमणार नाही त्यानं पोहायला जावं." फसवणारा सापडला तर तो रागवायचा नाही. माझ्याकडून जाळी घेऊन त्याच्या खांद्यावर द्यायचा, चारी कोर्टं ओढायला लावायचा आणि स्वतः त्याच्या शेजारून चालायचा.

राग गेला होता असं नाही. जित्याची खोड. शिकवायला लागल्यावर सहाव्या वर्षी एका आगाऊ पोरानं त्याच्या तुरुंगावरून शेरा मारला. डावऱ्या पंपाच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं मी आत गेलो तर त्यानं स्वतःच्या दंडाचा इतका कडकडून चावा घेतला होता की दात रुतले होते. मी हळद लावून फडकं बांधलं. त्याच दिवशी माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "डावऱ्या, त्या सामन्यात मी जाळी ओढली नव्हती. खोटं बोललो. ती खूण जुनी होती."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दुसऱ्या सेटमधला तो माझाच फटका होता, काका. वाकलो तेव्हाच ओळखला. रॅकेट फिरवली तेव्हा तो बरोबर आहे हे मला माहीत होतं." त्यानं दंडावरची गाठ दातांनी आवळली. "तुमची जाळी कशाला मध्ये आणता."

बारा नि सहा, अठरा वर्षं मी ते ओझं पाठीवर घेऊन फिरत होतो, आणि यानं ते खाली ठेवू दिलं नाही, माझं नव्हतंच म्हणाला. हलकं वाटायला हवं होतं. मला उलट अपमान झाल्यासारखं वाटलं.

त्याच्या शिकवण्याच्या अकराव्या वर्षी ठिणगी आली. बारा वर्षांची, काडीपैलवान, पण फटका असा की समोरच्याच्या हातात रॅकेट फिरायची. बाप व्यायामशाळा चालवायचा, दंड माझ्या मांडीएवढे. पोरगी हरली की दुसऱ्या दिवशी लांब बाह्यांचा सदरा घालून यायची. डावऱ्यानं दोनदा बापाला बाजूला घेऊन सांगितलं. बाप म्हणाला, "तुम्ही कुठल्या शाळेत शिकून आलात ते ठाऊक आहे मला. माझ्या पोरीला वळण मी लावीन." डावऱ्या हात मागे घेऊन उभा राहिला. मनगटावर बोटांचे पांढरे ठसे उमटले होते.

मग आमच्याच कोर्टावरच्या मुलींच्या स्पर्धेतला तो उपांत्य सामना. शेवटच्या गुणावर समोरच्या मुलीचा चेंडू ठिणगीच्या मागच्या पट्टीवर पडला, आणि वळताना खुणेवर ठिणगीचाच पाय पडला. खूण विस्कटली. ती बाहेर म्हणाली असती तर कुणी काही बोललं नसतं. ती वाकली, बघत राहिली आणि मग तळहात जमिनीकडे करून दाखवला. आत. सामना गेला. बाकावर डावऱ्यानं मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले होते, मी शपथेवर सांगतो.

दहा मिनिटांनी सरावाच्या भिंतीमागून आवाज आला. बापानं पोरीची वेणी मनगटाला गुंडाळली होती आणि दुसऱ्या हातानं तोंडात मारत होता. "आत? आत काय? दानधर्म करतेस?" नाकातून रक्त येत होतं. डावऱ्या माझ्याआधी पोचला. मध्ये घुसला, खांद्यानं बापाला ढकलून पोरीला मागे घेतलं, आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"मला मारा," तो म्हणाला. "तिला नाही."

बापानं मारलं. पहिल्या ठोशाला ओठ फाटला. दुसरा कानावर. तिसरा पोटात, त्यावर डावऱ्या दुमडला, खोकला आणि पुन्हा सरळ झाला. हात मागेच. मागे भिंतीला पाठ लावून ठिणगी डोळे फाडून बघत होती. पुढचे मी मोजले नाहीत. मला फक्त त्याच्या हनुवटीवरून गळणारं रक्त दिसत होतं. आणि माझ्या डोक्यात एकच: हा एक बोट उचलू शकत नाही. उचललं तर संपला. माझ्या हातात जाळी ताणायचा लोखंडी दांडा होता. मी तो दोन्ही हातांनी वर नेला आणि बापाच्या गळ्याजवळच्या हाडावर घातला.

हाड मोडल्याचं मला हातात कळलं. बाप गुडघ्यांवर बसला आणि ढोरासारखा ओरडला. मी पुन्हा दांडा उचलला. तो खाली आलाच नाही. डावऱ्यानं हवेतच धरला होता, डाव्या हातानं. "काका, बस," तो म्हणाला. "बस."

आणि ठिणगी हसली. नाक सुजलेलं, ओठांवर रक्त, आणि बाप मातीत विव्हळताना बघून ती हसली.

बाई धावत आल्या. "कुणी मारलं?"

"मी."

"उद्यापासून येऊ नका."

"बाई, त्यानं आधी…"

"मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. पस्तीस वर्षांचा हिशेब एका वाक्यात. तक्रार झाली नाही. बापानं इस्पितळात सांगितलं, वजन उचलताना पडलो. बासष्ट वर्षांच्या थेरड्यानं लोळवलं हे व्यायामशाळेत कोणत्या तोंडानं सांगणार!

तीन दिवसांनी मी डावऱ्याच्या खोलीवर गेलो. खरं सांगायचं तर आभार घ्यायला गेलो होतो. नोकरी गेली तरी छाती पुढे होती माझी. तो रॅकेटला तार भरत बसला होता, एक डोळा बंद झालेला. बसा म्हणाला नाही.

"का मारलंत, काका?"

"तुझ्यासाठी. तुझी नोकरी वाचली."

"तो थांबला होता."

"कोण?"

"बाप. शेवटच्या दोन ठोशांत जोर नव्हता. हात खाली आला होता त्याचा, तोंड कसंनुसं झालं होतं. तुम्हाला दिसलं नाही?" त्यानं तार ओढली. बोलताना ओठाची जखम पुन्हा उघडली. "आणखी मिनिटभर. तिला मागून दिसलं असतं की उलट न मारताही मार थांबतो. मला ते जन्मात कुणी दाखवलं नाही. मी अकरा वर्षं त्यासाठी हात बांधून घेतलेत. तुम्हाला वाटलं नोकरीसाठी?"

"अरे, मेला असतास!"

"कितीनं माणूस मरतो ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं." मग हळूच म्हणाला, "ती हसली ते पाहिलंत ना? भिंतीशी माझा बाप बसला होता तेव्हा मी तसाच हसलो होतो."

मला राग आला. येणारच. दांडा मी उचलला, घरी मी बसलो, आणि वर हे ऐकून घ्यायचं! मी तरातरा जिना उतरलो. खाली रस्त्यावर आल्यावर थांबलो. दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. तो म्हणत होता ते खरं होतं. बापाचा हात खाली आला होता, मी पाहिलं होतं, आणि तरी मारलं होतं.

दोन आठवड्यांनी दुपारी दार वाजलं. ठिणगी. पाठीला रॅकेट नव्हती. नाकाची सूज उतरली होती.

"सर कसे आहेत?" मी विचारलं.

"मी जात नाही त्यांच्याकडे."

"का गं?"

"घाबरट आहेत ते. नुसते मार खात उभे राहिले." ती उंबऱ्यावर पुढे सरकली. बाबा आता तिला हात लावत नाहीत, खोलीत आली तर तेच उठून जातात, असं तिनं आनंदानं सांगितलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही मारलंत ना तसं मला शिकवा. कुठं मारायचं, कसं धरायचं. मी कुणाला सांगणार नाही."

मी तिला आत बसवलं. पाणी दिलं. सर घाबरले नव्हते, घाबरट माणूस मी आहे, पोरी, पस्तीस वर्षं नळ बंद करत आलेला घाबरट, हे मी तिला सांगितलं. डोळा गेलेल्या मुलाचं सांगितलं, खड्यांचं सांगितलं, माझं खोटं सांगितलं. तासभर बोलत होतो, घसा कोरडा पडला. ती सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होती.